खालची कवळी दुसऱ्यांदा केली तरी उचलते: रिलाइन, नवीन सेट की दोन इम्प्लांट?

होटगी रोड (प्रश्न विचारणारे डॉक्टर; इथली नावं टोपणनावं आहेत)

पेशंट बाई, वय ६८, अक्कलकोट तालुका. सगळे दात जाऊन अकरा वर्षं झाली. वर-खाली पूर्ण कवळी, हा दुसरा सेट, चार महिन्यांचा.

तक्रार फक्त खालच्या कवळीची. बोलताना दात टकटक वाजतात, घास चावताना उजवीकडून मागची बाजू उचलते, जीभ वर नेली की पुढून तरंगते. वरची घट्ट आहे.

तपासणीत दिसलेलं: खालची रिज (दात गेलेल्या जागचा हिरडी-हाडाचा उंचवटा) दाढांच्या जागी सपाट, उजवीकडे मध्ये खोलगटच. कॅनाइनच्या (सुळ्याच्या) आसपास थोडी उंची शिल्लक. उजव्या बाजूची मायलोहायॉइड रिज (जबड्याच्या हाडाची जिभेकडची कड) बोटाला धारदार लागते, आणि तिथेच जिभेच्या बाजूला साधारण ८ मिमीचा लाल, घासलेला पट्टा आहे. मिश्री वीसेक वर्षं, अजूनही रोज सकाळी. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१.

कवळी जुनी नाही, दात झिजलेले नाहीत, म्हणून झिंक ऑक्साइड युजेनॉल पेस्टने माप घेऊन रिलाइन (कवळीला आतून नवा थर देणं) करावं असा विचार आहे. मुलाला ‘दोन स्क्रू टाकून बटणाची कवळी’ हवी आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रिलाइनने भागेल का? नवीन करायची झाली तर इतक्या सपाट रिजचं माप कसं घ्यावं? आणि इम्प्लांटचं कुठल्या टप्प्यावर बोलावं? शिवाय एप्रिल चालू आहे, पेस्ट ट्रेमध्ये पसरेपर्यंत घट्ट होते, त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा.

रिम आणि रिज (प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कवळी आणि कृत्रिम दातांचे तज्ज्ञ)

रिलाइन आत्ता अजिबात नको. कारण तुमच्याच वर्णनात आहे: दात वाजतात. बोलताना दात वाजले की पहिला संशय उंचीचा घ्यायचा. जबडा आरामात असताना दोन्ही कवळ्यांच्या दातांत जी फट राहायला हवी, ती इथे बहुतेक उरलेली नाही. रिलाइन म्हणजे कवळीच्या पोटात आणखी एक थर. आतलं ॲक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) नीट उतरवलं नाही किंवा माप घेताना कवळी तळाला टेकली नाही, तर उंची एक-दीड मिलिमीटरने आणखी चढते. आज वाजणारी कवळी उद्या जास्त वाजेल आणि हिरडीही जास्त दुखेल. उंची आणि बाइट (दात मिटण्याची जागा) दोन्ही बरोबर असताना फक्त आतली पकड गेली असेल, तर रिलाइन हा उपाय. खालच्या कवळीच्या बाबतीत हा फरक न पाहता रिलाइन होतात आणि नाव रिजचं खराब होतं.

आधी उंची मोजा. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर ठिपका काढा. कातडीवरची शाई घामाने पसरते. बाईंना डोकं न टेकवता ताठ बसवा. खालची कवळी बाहेर, वरची तोंडात. ओठ ओले करून ‘मम्म’ म्हणायला लावा आणि तिथेच थांबवून अंतर घ्या. मग दोन्ही कवळ्या घालून, दात मिटवून पुन्हा घ्या. असं तीनदा. फरक २ ते ४ मिमी हवा. शून्य किंवा एक आला तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

त्यानंतर बोलण्याची परीक्षा. आपल्याकडे ‘स’ तपासायला आकडे छान आहेत: साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असं सहासष्टपर्यंत म्हणायला लावा. पुढच्या वरच्या-खालच्या दातांत जेमतेम १ मिमीची फट दिसली पाहिजे आणि दाढा एकमेकींना लागता कामा नयेत. अक्कलकोटकडच्या बाई आहेत, घरात कानडी बोलत असतील तर कानडीतच बोलतं करा. परक्या भाषेत माणूस तोंड जपून उघडतो आणि चाचणी फसते. (जाता जाता: वरच्या पुढच्या दातांची लांबी तपासायला इंग्रजी पुस्तकांत ‘फ’ सांगितलेला असतो. आपल्या जुन्या पिढीचा ‘फ’ दोन ओठांचा असतो, त्यात दात ओठाला लागतच नाहीत. ‘व’ वापरा: वीस, विहीर, वावर.)

आता कडा. दोन्ही तर्जन्या खालच्या प्रीमोलरवर (लहान दाढांवर) नुसत्या ठेवा, दाबू नका. तोंड अर्धं उघडलेलं. मग एकेक हालचाल करून घ्या आणि कवळी कुठल्या क्षणी बोटाला उचलते ते पाहा. जिभेचं टोक वरच्या ओठाला लावताना पुढून उचलली तर पुढची जिभेकडची कड लांब आहे, किंवा जिभेखालच्या बंधाला खाच कमी पडली आहे. जीभ बाहेर काढताना मागून उचलली तर मागची जिभेकडची कड लांब. गाल बाहेर आणि वर ओढताना उचलली तर गालाकडची कड लांब. तोंड मोठं उघडताना मागून ढकलली गेली तर मागचा गालाकडचा कोपरा मॅसेटर स्नायूच्या वाटेत आलेला आहे. एका वेळी एकच कड कापा, अर्धा मिलिमीटर, आणि पुन्हा तपासा.

जास्त लांब कडा सगळे शोधतात. आखूड कडा कोणी पाहत नाही, आणि खालच्या कवळीत नेमका तोच दोष जास्त भेटतो. शेवटच्या दाढेमागच्या मऊ गादीवर, म्हणजे रेट्रोमोलर पॅडवर, कवळी निदान अर्धी ते दोन-तृतीयांश चढलेली हवी. ‘मागे टोचतं’ म्हटलं की मागून कापायचं, पुढच्या खेपेला पुन्हा कापायचं, असं होत होत पॅड उघडा पडतो आणि मागची सील जाते. तसंच गालाकडचा बकल शेल्फ (दाढांच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा सपाट ओटा). सपाट रिजवर भार घ्यायला तेवढीच एक घट्ट, भार घेता येणारी जागा उरते, ती झाकलेली नसेल तर सगळं वजन त्या खोलगट भागावर येतं.

दाढा कुठे बसवल्यात तेही बघा. उजवीकडची शेवटची दाढ रिजच्या चढावर आली असेल, तर प्रत्येक घासाला कवळी पुढे घसरते आणि मागून सुटते. तुमचं ‘उजवीकडून मागची बाजू उचलते’ हे वाक्य मला त्याचंच वाटतं. अशा वेळी खालची दुसरी दाढ सरळ काढून टाका. एक दाढ कमी असली तरी चावता येतं, घसरत्या कवळीने नाही.

त्या लाल पट्ट्याबद्दल: कवळी घासल्याचा असण्याची शक्यता जास्त आहे, जागाही मायलोहायॉइडचीच. पण वीस वर्षांची मिश्री आहे. प्रेशर इंडिकेटिंग पेस्टने (दाब कुठे येतो ते दाखवणारी) जागा शोधून तेवढी उतरवा आणि मग खालची कवळी पूर्ण बंद ठेवा. दोन आठवड्यांत पट्टा संपूर्ण गेला पाहिजे. थोडा राहिला, कडक लागला, पांढरी किनार दिसली, तर कवळीचं काम थांबवून बायोप्सीला पाठवा. बोट फिरवून मानेच्या गाठीही आजच पाहून घ्या.

फ्लास्क क्लॅम्प (लॅब)

उंची वाढण्यात लॅबचा वाटा किती असतो तेही लिहितो, कारण डॉक्टरांनी ट्राय-इनला (मेणातली कवळी तोंडात घालून पाहताना) बरोबर धरलेली उंची फ्लास्कमध्ये (कवळी शिजवायच्या दोन अर्ध्यांच्या डब्यात) बिघडू शकते.

पॅकिंगच्या (फ्लास्कमध्ये ॲक्रिलिक भरण्याच्या) वेळी पीठ थोडं जास्त पडलं, ट्रायल क्लोजर (फ्लास्क मिटवून, उघडून जादा माल काढणं) एकदाच केलं आणि क्लॅम्प आवळला, की फ्लास्कच्या दोन अर्ध्यांत ॲक्रिलिकचा पातळ पापुद्रा राहतो. तो जितका जाड, तितकी कवळी उंच. पापुद्रा अर्धा मिमी असला तरी आर्टिक्युलेटरच्या (जबड्यासारखं मिटणारं यंत्र) पुढच्या, उंची दाखवणाऱ्या पिनवर तो जास्त दिसतो. दोन ते तीनदा ट्रायल क्लोजर करून, मध्ये सेलोफेन घालून, कडेला आलेलं सगळं कापून काढावं लागतं. दाब हळूहळू वाढवायचा. एकदम आवळलं तर सपाट रिजच्या कास्टवरचा (मापावरून ओतलेल्या नमुन्यावरचा) पातळ भाग तुटतो.

इथल्या उन्हाळ्यात याची वेळ चुकते. हीट क्युअरची (उष्णतेने घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकची) पावडर आणि लिक्विड मापाने ३ ला १. वाळूसारखं, मग तारा सुटणारं, मग पिठासारखं, मग रबरासारखं, हे टप्पे दुपारी ४२ अंशांत भराभर जातात. पिठाच्या अवस्थेत भरायचं असतं. हात चिकटायचा थांबला की तीच वेळ. रबर झाल्यावर भरलं तर ते फ्लास्कमध्ये नीट पसरत नाही, दाबाने दात हलतात आणि पापुद्रा जाड राहतो. पॅकिंग सकाळी आठच्या आत करावं. लिक्विडची बाटली आणि मिक्सिंगचं भांडं थंड जागेत ठेवलं तरी पाच-सात मिनिटं हातात येतात. फ्रिजमधून काढून लगेच उघडू नये, बाहेरून पाणी धरतं आणि ते मिक्समध्ये पडतं.

शिजवण्याचं म्हणाल तर ७४ अंशांवर दोन तास, मग १०० वर एक तास. लिक्विड साधारण १०० अंशांनाच उकळतं आणि जाड भागात ॲक्रिलिक स्वतःची उष्णताही सोडतं. म्हणून थेट उकळत्या पाण्यात फ्लास्क टाकला तर खालच्या कवळीच्या जाड जिभेकडच्या भागात बुडबुडे पडतात. बाहेरून पॉलिश चकाचक, आत जाळी. शिजल्यावर अर्धा तास ओट्यावर, मग पंधरा मिनिटं नळाच्या पाण्यात. गरम फ्लास्क उघडला की कवळी मुरडते आणि मुरड खालच्या कवळीत मागच्या दोन टोकांत दिसते. पेशंटच्या तोंडात एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू डुलते, ती हीच.

कास्टचं पाणी. बोअरचं पाणी वापरू नका. जड पाण्याने स्टोन (कास्ट ओतायचं कडक प्लास्टर) सेट व्हायची वेळ बदलते आणि पृष्ठभाग पिठूळ येतो. फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड घ्या, १०० ग्रॅम स्टोनला ३० मिलि, मोजून. अंदाजाने पाणी घातलेला स्टोन आणि निम्मं प्लास्टर मिसळलेला स्टोन, दोन्ही सपाट रिजसाठी बाद. सपाट रिजवर जो काही अर्धा मिलिमीटरचा उंचवटा आहे तोच तर हवा असतो, तो ट्रिम करताना आणि वॅक्स खरवडताना झिजून जातो.

एक विनंती डॉक्टर मंडळींना: मापाची कड तशीच पाठवा, बॉक्सिंग करून (मापाभोवती मेणाची भिंत उभारून). कड गुंडाळलेली जाडीसकट कास्टवर आली नाही तर आम्ही अंदाजाने कड बनवतो, आणि आमचा अंदाज पेशंटच्या गालाला ठाऊक नसतो.

सात रस्ता

माझं मत थोडं वेगळं आहे. अकरा वर्षं बिनदाताची, दाढांजवळ खोलगट रिज, दोन सेट झालेले. तिसरा सेट किती चांगला केला तरी खालची कवळी शेवटी जिभेच्या आणि गालाच्या मर्जीवर राहणार. वरच्या कवळीला टाळूसकट जवळजवळ दुप्पट आधार असतो आणि खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा कितीतरी वेगाने झिजतं. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं होतं की बिनदाताच्या खालच्या जबड्याला पहिली पसंती दोन इम्प्लांटवरची कवळी असावी. पैशाची तयारी मुलाने दाखवली आहे, तर आधीच त्या दिशेने जावं. कॅनाइनच्या भागात उंची आहे असं तुम्हीच लिहिलंय.

रिम आणि रिज

दिशा मान्य, क्रम मान्य नाही. इम्प्लांट कवळीला खाली धरून ठेवतो, दात चुकीच्या जागी भेटतात ते तो बदलत नाही. उंच आणि घसरणारी कवळी दोन बटणांवर चढवली की रोज बटणावर तिरका ओढ बसतो. नायलॉनच्या टोप्या वर्षाऐवजी दोन-तीन महिन्यांत सैल पडतात, आणि पेशंट म्हणतात ‘स्क्रूची कवळीही हलते’. म्हणून आधी बिनबटणाचीच चांगली कवळी, तीच पुढे इम्प्लांटची जागा ठरवायला. तिची पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये नक्कल काढली की सीबीसीटीच्या (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेच्या) वेळीही तीच, ड्रिलच्या वेळीही तीच.

आणि आत्ता तसंही करता येणार नाही. ८.१ ला मी ड्रिल हातात घेणार नाही. फिजिशियनकडून सातच्या जवळ येऊ द्या. मिश्री बंद होऊन दोन महिने तरी जाऊ द्यात. हाडाच्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड इंजेक्शन चालू आहे का, हे विचारायला विसरू नका. या वयाच्या बायकांना ठिसूळ हाडांसाठी ते दिलेलं असतं आणि त्या स्वतःहून सांगत नाहीत, ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणतात.

पुढे करायची वेळ आली तर: दोन्ही मेंटल फोरामेनच्या (जबड्यातून नस बाहेर येते त्या भोकांच्या) मध्ये, लॅटरल (सुळ्याच्या आधीचा दात) ते कॅनाइनच्या पट्ट्यात, फोरामेनच्या पुढे सुरक्षित अंतर राखून. नस फोरामेनच्याही थोडी पुढे वळसा घेते, तो वळसा सीबीसीटीत मोजा, साध्या ओपीजीवर (सपाट एक्स-रेवर) भागवू नका. ड्रिल सलाइनच्या धारेखाली आणि धार गेलेले ड्रिल फेकून द्या. हाड ४७ अंशांवर एक मिनिट तापलं तरी मरतं, आणि खालच्या जबड्याचं पुढचं हाड इतकं घट्ट असतं की तापायला वेळ लागत नाही. दोन्ही इम्प्लांट एकमेकांना जमतील तितके समांतर. खालच्या जबड्याला तीन महिने थांबा.

लोकेटर (इम्प्लांटवरचं एक प्रकारचं बटण) वापरणार असाल तर रिजपासून दातांच्या टोकापर्यंत निदान साडेआठ मिमी जागा लागते. या बाईंच्या बाबतीत हाड झिजल्याचा तेवढा फायदा आहे. सुरुवात निळ्या टोपीने करा, या तिघींत ती सगळ्यात सैल असते, मग गुलाबी, मग पारदर्शक. पहिल्याच दिवशी पारदर्शक बसवली तर सांध्यांनी दुखणाऱ्या बोटांना कवळी निघत नाही आणि ती चमच्याने उचकटायचा प्रयत्न होतो.

तोंडातच पिकअप करताना (टोप्या कवळीत चिकटवताना) पांढरी रिंग सरकवल्याशिवाय सेल्फ क्युअर (आपोआप घट्ट होणारं ॲक्रिलिक) भरू नका. इम्प्लांटच्या मानेखाली ॲक्रिलिक शिरून सेट झालं की कवळी तोंडात अडकते आणि मग ती तोंडातच कापावी लागते. रिंगबरोबर कवळीला जिभेकडून एक भोक ठेवा, जादा माल तिकडून बाहेर पडेल.

आणखी एक. खाली इम्प्लांट झाले की बाई पुढच्या दातांनी जोरात चावू लागतात. वरच्या कवळीखालची पुढची रिज काही वर्षांत मऊ, हलती होते. म्हणून पुढच्या दातांना मिटवताना स्पर्श ठेवू नका, आणि वरची दरवर्षी तपासा.

होटगी रोड

आजची मोजमापं. आराम ते मिटणं यातला फरक तीन वेळा घेऊन ०.५, १, ०.५ मिमी. बासष्ट-पासष्टला दाढा लागतात. जीभ वरच्या ओठाला लावताना पुढून उचलते. उजवा पॅड पूर्ण उघडा, डावा एक-तृतीयांश झाकलेला. खालची उजवी दुसरी दाढ चढावरच आहे. हाडाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन नाही. खालची कवळी बंद केली आहे, पट्टा पुढच्या पंधरवड्यात पाहणार.

म्हणजे रिलाइन बाद. पण या सेटची वरची कवळी चांगली आहे, तिला हात न लावता फक्त खालची नव्याने करता येईल का? आणि तोवर खालच्याला मऊ लायनर घालून द्यावं का, मुलगा रोज फोन करतो.

रिम आणि रिज

करता येईल. वरच्या दातांचं ऑक्लुजल प्लेन (चावण्याची पातळी) बरोबर आहे एवढं आधी पटवून घ्या. ते खाली झुकलेलं असेल तर सगळी उंची तिथूनच आलेली असते.

मऊ लायनर नको, टिश्यू कंडिशनर (हिरडीला आराम द्यायचा, थोड्या दिवसांचा मऊ थर) चालेल, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टा बरा झाल्यावर, दुसरी दाढ काढून, दातांची उंची घासून २ मिमी फट मिळाल्यावर कंडिशनर घाला आणि तीन-चार दिवसांनी बदला. मऊ लायनर महिनोन्महिने तोंडात राहतो. ॲक्रिलिकचा असेल तर कडक होतो, खरखरीत होतो आणि साखरेच्या पेशंटमध्ये बुरशी धरतो. चिकटपेस्ट तात्पुरती द्यायची झाली तर झिंक नसलेली, वाटाण्याएवढे तीन ठिपके, त्याहून जास्त नाही.

माप घेण्याआधी दोन रात्री कवळी तोंडात नको. दाबलेली हिरडी मूळ जागी आली नाही तर तुम्ही जखमेचंच माप घेता.

पहिलं माप अल्जिनेटने (मापाची नेहमीची मऊ पावडर-पेस्ट) घेऊ नका, सपाट रिजवर गाल आणि जिभेखालचा भाग आत गोळा होतो, तो बाजूला सारण्याची ताकद त्यात नाही. इम्प्रेशन कम्पाउंड ३ भाग आणि ग्रीन स्टिक ७ भाग (दोन्ही गरम केल्यावर मऊ होणारे मापाचे पदार्थ), वजनाने, ६० अंशांच्या पाण्यात मऊ करून व्हॅसलीन लावलेल्या बोटांनी एकजीव मळा. मेणापेक्षा थोडं मऊ आणि पाणी गाळलेलं हवं, घडीत पाणी अडकलं तर ओठ भाजतो. ट्रेमध्ये भरल्यावर पुन्हा पाण्यात बुडवून मगच तोंडात. दीड मिनिट हाती असतं. तेवढ्यात गाल ओढणं, ओठ ओढणं, जीभ दोन्ही गालांना आणि वरच्या ओठाला लावणं, ट्रेवर बोटं ठेवून मिटायचा प्रयत्न, सगळं करून घ्या. मिटायच्या प्रयत्नाला मॅसेटर फुगतो आणि मागचा कोपरा आपोआप आखला जातो. हे माप काढून पाहिलं की जिभेकडची कड इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली दिसली पाहिजे. सरळ पट्टी दिसली तर जीभ हललीच नाही.

त्यावरून स्पेशल ट्रे (या पेशंटपुरता बनवलेला मापाचा ट्रे). कड सगळीकडे २ मिमी आखूड, पॅडवर मात्र पूर्ण. मायलोहायॉइडच्या धारेवर वॅक्सचा एक थर. ग्रीन स्टिकने कडा तुकड्यातुकड्याने, आधी गालाकडून. ट्रे तोंडात घालून, ओठ सैल सोडायला सांगून, ट्रे हलका ओढा, सुटताना ‘चप’ असा आवाज आला तर कडा जमल्या. खालच्या सपाट रिजवर तो दरवेळी येत नाही, पण जीभ ओठाला लावून ट्रे हलला नाही एवढं तरी हवंच.

आता उन्हाची गोष्ट. झिंक ऑक्साइड पेस्ट उष्णतेने आणि ओलाव्याने लवकर सेट होते. काचेची पट्टी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, पण वापरण्याआधी कोरड्या कापडाने पूर्ण पुसा, कारण त्यावर जमलेलं पाणी थंडाव्याचा सगळा फायदा घालवतं. पेस्ट मळायचा कागदी पॅड ओलसर असेल तर पेस्ट हातातच घट्ट होते. एकसारख्या लांबीच्या दोन रेषा, अर्ध्या मिनिटात मळून, पातळ थर. जाड थराने कड उलट लांब होते. कूलर चालू असेल तर ते पाच मिनिटं बंद करा, खोलीत ओलावा तोच आणतो.

दात बसवताना कस्प (टोकं) नसलेले सपाट दात घ्या, रुंदीला अरुंद. प्लेन पॅडच्या वरच्या एक-तृतीयांशाच्या खाली राहू द्या, त्याहून उंच गेलं तर जिभेला घास वर चढवून टाकावा लागतो आणि कवळी उचलते. मधला बाइट मिळवताना बाईंना ‘मागे चावा’ म्हणू नका, त्या जबडा पुढे काढतात. जीभ टाळूला मागे लावून मिटायला सांगा.

फ्लास्क क्लॅम्प यांनी लिहिलेलं पिनचं प्रकरण लक्षात ठेवून लॅबला एकच गोष्ट सांगा: शिजल्यावर कास्टवरून कवळी काढण्याआधी आर्टिक्युलेटरवर परत चढवून पिन बघायची. एक मिमीपर्यंत उघडली तर तिथेच घासून आणायची. दिल्यानंतर एक आठवड्याने क्लिनिकमध्ये पुन्हा रिमाउंट (कवळ्या आर्टिक्युलेटरवर चढवून दात जुळवणं). तोंडात निळा पेपर घालून घासू नका. खालची कवळी पेपरबरोबर सरकते, डाग भलत्याच ठिकाणी पडतो आणि चांगला दात घासला जातो. दात एकमेकांना न भिडता मऊ वॅक्सवर बाइट घ्या, वॅक्स आरपार झालं की तो बाइट फेका.

फ्लास्क क्लॅम्प

पिन लिहून देतो, प्रत्येक केसला आधीची आणि नंतरची. तोंडी विचारलं तर लॅब ‘झीरो’च सांगेल.

सात रस्ता

क्रमाचं पटलं. घरी द्यायच्या सूचनांचं काय देता? कवळी बसवून अक्कलकोटला पाठवलं की पेशंट परत येतो तो महिन्याने, खिशात स्वतः घासलेली कवळी घेऊन.

रिम आणि रिज

म्हणून बसवायचा दिवस सोमवार-मंगळवार ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचं हे आधीच ठरवून घ्या. पहिल्या २४ तासांत टोचलेल्या जागा लाल दिसतात, तेव्हा शोधायला सोप्या. दुखतं म्हणून चार दिवस काढून ठेवली आणि तशीच आणली तर लाल काही उरत नाही. सांगा: दुखली तर काढा, पण यायच्या आधी तीन-चार तास घालून या.

खाण्याचं त्यांच्या भाषेत सांगा. पहिला आठवडा भात, मऊ पोळी, आमटीत भिजवलेली भाकरी. कडक भाकरी पुढच्या दातांनी तोडायची नाही, कधीच नाही. हाताने मोडून, दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकाच वेळी घास. शेंगा चटणीचा भरडा खालच्या कवळीखाली जातो आणि एका दाण्यावर सगळा दाब येतो, तिथे दुसऱ्या दिवशी बरोबर दाण्याएवढा फोड दिसतो. कवळीचा दोष समजून तिथे घासू नका. चटणी खाल्ली की कवळी काढून चूळ भरायची, दोन्ही धुवायच्या. तिळाचंही तेच, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात असे फोड घेऊन पेशंट येतात.

धुताना मऊ ब्रश आणि अंगाचा साबण. टूथपेस्ट नको, राखुंडी नको, मिश्री तर नाहीच, ॲक्रिलिकला ओरखडे पडून बुरशीला जागा होते. खाली भरलेली बादली किंवा जाड टॉवेल ठेवूनच धुवायची, फरशीवर पडली की खालची कवळी बरोबर मधोमध तुटते. रात्री पाण्यात, उकळतं पाणी कधी नाही. बोअरच्या पाण्यात ठेवली तर आठवड्याभरात पांढरा थर चढतो आणि तो सुरीने खरवडला जातो. पिण्याचं पाणी घ्या. थर चढलाच तर पाण्यात निम्मा व्हिनेगर, अर्धा तास, मग ब्रश. डबा झाकणाचा द्या आणि झाकणावर नाव लिहा, घरात दोन कवळीवाले असले की अदलाबदल होते आणि मग तक्रार घेऊन दोघंही येतात.